गल्लीतल्या रस्त्याचं बिल कसं तपासायचं: पालिकेच्या एका कामाचा हिशेब, टप्प्याटप्प्याने

माहिती अधिकाराचे अर्ज दाखवायला लोक माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेक अर्जांत एकच मजकूर असतो: "आमच्या प्रभागात गेल्या पाच वर्षांत किती खर्च झाला आणि रस्ता निकृष्ट का झाला, याचा खुलासा करावा." महिन्याभराने दोन ओळींचं उत्तर येतं, "मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची व मोघम असल्याने देता येत नाही." अर्जदार चिडतो, कागद फाडतो, आणि तोवर ठेकेदाराचं अंतिम बिल निघून गेलेलं असतं.

यात लोकांची तळमळ खरी असते. चुकतो तो क्रम. आधी एक काम निवडायचं, मग त्याचे कागद नावानिशी मागायचे, मग जागेवर टेप लावायची आणि सगळ्यात शेवटी तक्रार करायची. लोक नेमके उलट्या टोकाने सुरू करतात. खाली नगरपरिषद धरून लिहिलंय. महानगरपालिका असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या जागी आयुक्त समजा, बाकी वाट जवळपास तीच.

## तयारी: अर्जाला हात लावण्याआधी

१. एकच काम धरा. अख्खा प्रभाग नको, पाच वर्षं नकोत. तुमच्या दारातला रस्ता, गटार, पेव्हर ब्लॉक, समाजमंदिराचं कंपाउंड, यातलं एक. एका कामाची फाईल नीट वाचता आली की दुसरी वाचायला निम्मा वेळ लागतो.

२. कामाचं सरकारी नाव शोधा. तुम्ही ज्याला "शाळेमागचा रस्ता" म्हणता, त्याचं कागदावरचं नाव "प्रभाग क्र. अमुक मध्ये अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत सिमेंट काँक्रीट रस्ता करणे" असं असतं. कामाच्या जागी लावलेल्या फलकावर ते सापडतं. फलक नसेल तर नगरसेवकाला विचारा, किंवा बांधकाम विभागात जाऊन कार्यारंभ आदेशाचा (वर्क ऑर्डरचा) क्रमांक मागा. राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर पालिकेच्या नावाने शोधलं तर ई-निविदा झालेल्या कामांची नावंही मिळतात.

नावाकडे बारकाईने बघा. एकाच रस्त्याला दोन नावं असू शकतात: एकदा पूर्वेकडच्या घरापासून पश्चिमेकडच्या घरापर्यंत, दुसऱ्यांदा मंदिरापासून चौकापर्यंत. दोन्ही नावांनी कामं मंजूर झालेली दिसली तर दोन्ही टिपून ठेवा, एकाच रस्त्याचं बिल दोनदा निघालंय का ते तपासायला पुढे लागतील.

३. पैसा कुठल्या खिशातून आला ते विचारा. पालिकेचा स्वनिधी, वित्त आयोगाचं अनुदान, नगरोत्थान, दलित वस्ती सुधारणा, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी असे कितीतरी मार्ग आहेत. हे माहीत असणं गरजेचं आहे, कारण काही निधीची कामं पालिकेच्या हद्दीत असली तरी ती करणारी यंत्रणा सार्वजनिक बांधकाम विभाग असते. मग पालिकेत अर्ज टाकला की "सदर काम या कार्यालयाकडील नाही" असं उत्तर येतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे असा अर्ज त्यांनीच ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, पण आधीच नीट विचारलं तर तुमचा महिना वाचतो.

४. वेळ ओळखा. काम चालू असताना किंवा नुकतंच संपल्यावर, अंतिम देयक निघण्याआधी, तुमचा शब्द सगळ्यात वजनदार असतो. पैसे हातात असताना पालिका ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घेऊ शकते. पैसे गेल्यावर वसुलीची फाईल चालवावी लागते आणि ती वर्षानुवर्षं चालते. मार्चअखेरीस बिलांची गर्दी उसळते, म्हणून फेब्रुवारीतच जागे व्हा.

> तपासा: कामाचं पूर्ण नाव, निधीचं नाव, काम करणारी यंत्रणा आणि शक्य झाल्यास कार्यारंभ आदेश क्रमांक, या चार गोष्टी वहीत आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा १: कागदांची साखळी समजून घ्या

पालिकेचं कुठलंही काम कागदांच्या साखळीतून जातं. ती पाठ असली की फाईलमधून गायब असलेला कागद लगेच डोळ्यांत भरतो.

आधी वार्षिक अंदाजपत्रकात तरतूद. मग सभेचा ठराव आणि प्रशासकीय मान्यता. अभियंत्याने दरसूचीवरून (सरकारी दरांच्या यादीवरून) तयार केलेलं कामाचं अंदाजपत्रक आणि त्याला तांत्रिक मान्यता. निविदा सूचना, आलेल्या निविदांचा तुलनात्मक तक्ता, स्वीकृती. करारनामा आणि कार्यारंभ आदेश. काम सुरू झाल्यावर मोजमाप पुस्तिका, म्हणजे सगळे ज्याला एमबी म्हणतात ती. साहित्याचे चाचणी अहवाल. चालू देयकं, अंतिम देयक, पूर्णत्वाचा दाखला. आणि त्यानंतर दोषदायित्व कालावधी, ज्यात काही बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं.

इथे एक घोळ सगळ्यांचा होतो. मराठीत बजेटलाही अंदाजपत्रक म्हणतात आणि एस्टिमेटलाही अंदाजपत्रकच म्हणतात. अर्जात नुसतं "अंदाजपत्रक द्यावे" लिहिलंत तर पालिकेचं जाडजूड वार्षिक पुस्तक आणि त्याच्या पानापानाचं शुल्क तुमच्या माथी येऊ शकतं. नेहमी "कामाचे तपशीलवार अंदाजपत्रक" असंच लिहा.

दुसरी चूक आकड्यांची. वार्षिक अंदाजपत्रकात एखाद्या कामापुढे ५० लाख दिसले की व्हॉट्सॲपवर "५० लाख खाल्ले" असा निरोप फिरायला लागतो. ती तरतूद असते, खर्च नव्हे. त्या पुस्तकात साधारण तीन रकाने असतात: मागच्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचे सुधारित, पुढच्या वर्षाचे अंदाजित. पैसे खरंच गेले का, हे फक्त "प्रत्यक्ष" रकाना आणि देयकं सांगतात. चुकीचा आकडा घेऊन पहिल्यांदा गेलात तर दुसऱ्यांदा खरा आकडा घेऊन गेल्यावरही कुणी ऐकत नाही. हे मी फार वेळा पाहिलंय आणि दर वेळी जीव तुटतो, कारण मूळ शंका बरोबर असते.

आणखी एक बाब ध्यानात ठेवा. २०२२ च्या आसपास मुदत संपलेल्या कित्येक पालिकांवर पुढे बराच काळ प्रशासक होते. त्या काळातल्या कामांना सर्वसाधारण सभेचा ठराव सापडणार नाही, प्रशासकांचा ठराव असेल. म्हणून "सर्वसाधारण सभेचा अथवा प्रशासकांचा ठराव" असं दोन्ही लिहा.

## टप्पा २: अर्ज लिहा

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात करतात. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते.

अर्जात काय असावं, याचा माझा नेहमीचा मसुदा असा:

> विषय: (कामाचे पूर्ण नाव व कार्यारंभ आदेश क्रमांक)
> कालावधी: प्रशासकीय मान्यतेपासून अर्जाच्या दिनांकापर्यंत
> तपशील: वरील एका कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.
> १) प्रशासकीय मान्यता व त्यासंबंधीचा ठराव (सभेचा अथवा प्रशासकांचा)
> २) तांत्रिक मान्यतेसह कामाचे तपशीलवार अंदाजपत्रक
> ३) निविदांचा तुलनात्मक तक्ता
> ४) करारनामा व कार्यारंभ आदेश
> ५) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची सर्व पाने
> ६) साहित्य चाचणी अहवाल
> ७) अदा केलेली सर्व देयके
> ८) मुदतवाढ किंवा वाढीव कामास मंजुरी दिली असल्यास ते आदेश

यात एकही प्रश्नचिन्ह नाही, हे पाहिलंत ना? अभिलेखात जे आहे तेच मागता येतं. "का", "कसे", "कोण जबाबदार" यांची उत्तरं कायद्यातल्या "माहिती"च्या व्याख्येत बसत नाहीत, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच दिला आहे. तुमच्या "का"चं उत्तर एमबीच्या आकड्यांत दडलेलं असतं, ते आपण पुढे काढणारच आहोत.

अर्ज लिहिताना होणाऱ्या चुका, माझ्या अनुभवात सापडतात त्या क्रमाने:

- मंडळाच्या किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज. हा हक्क नागरिकाचा आहे. तुमच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने करा. नावापुढे अध्यक्ष, सचिव काही लावू नका.
- कारण लिहिणं. "भ्रष्टाचार उघड करण्यासाठी माहिती हवी" असं लिहून लोक समोरच्याला सावध करतात. कलम ६(२) प्रमाणे कारण देण्याची गरजच नाही.
- "संपूर्ण फाईल द्यावी." फाईल म्हणजे काय, यावर वाद घालून तुमचा अर्ज अडतो. कागदाचं नाव घेऊन मागा.
- पोच न घेणं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. "साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा" असं म्हणाले तर अर्ज परत घ्या आणि स्पीड पोस्टाने पाठवा.

> इशारा: स्टॅम्पवर स्वतः सही किंवा रेघ मारू नका. तो रद्द करण्याचं काम कार्यालयाचं. खोडलेला स्टॅम्प वापरलेला समजून अर्ज परत येतो.

## टप्पा ३: दिवस मोजा

कागद मिळणं न मिळणं या टप्प्यावर ठरतं, म्हणून इथे सावकाश वाचा.

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. बहुतेक वेळा विसाव्या-पंचविसाव्या दिवशी एक पत्र येतं: "माहिती ८६ पानांची आहे, रुपये १७२ भरावेत." महाराष्ट्रात एका पानाला २ रुपये दर आहे, गुणाकार करून बघा. हे पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरले जात नाहीत. म्हणजे पत्र उशीत ठेवून झोपलात तर घड्याळ तुमच्यामुळे थांबलेलं असतं. लगेच भरा, पावती घ्या.

आमच्या गल्लीच्या गटाराच्या वेळी माझी नेमकी हीच चूक झाली. शुल्काचं पत्र साध्या टपालाने आलं, शेजारच्या घरात पडून राहिलं आणि मी मात्र "३० दिवस झाले" म्हणून अपील ठोकलं. ते फेटाळलं गेलं, रास्त कारणाने. तेव्हापासून पंचविसाव्या दिवशी मी स्वतः कार्यालयात जाऊन जावक नोंदवहीत माझ्या नावाचं पत्र निघालंय का ते विचारतो. दहा मिनिटांचं काम आहे.

३० दिवसांत काहीच आलं नाही, किंवा आलेलं उत्तर अपुरं आहे, तर पुढच्या ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करायचं. जोडपत्र 'ब', २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे. त्यांनी ३० दिवसांत, कारण नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अपिलात एक ओळ जरूर लिहा: मुदत उलटून गेल्यामुळे कलम ७(६) नुसार माहिती विनाशुल्क मिळावी.

तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे, जोडपत्र 'क', पुन्हा २० रुपये.

> इशारा: आयोगाकडे कलम १८ ची "तक्रार" आणि कलम १९ चं "अपील" या वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रारीत अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो (दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००), पण माहिती देण्याचा आदेश तक्रारीतून मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय. तुम्हाला एमबीची पानं हवी आहेत, म्हणून अपीलच करा.

आयोगाकडे थांबावं लागतं. तेवढ्यात हातावर हात ठेवून बसू नका, पुढचा टप्पा त्याच्याशी बांधलेला नाही.

## टप्पा ४: सोमवारी दुपारी फाईल बघायला जा

लोक प्रतींच्या मागे लागतात आणि अवलोकन विसरतात. फाईल डोळ्यांनी बघण्याचा हक्क कायद्यातच आहे. राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जिल्हास्तरावरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत अभिलेख पाहायला खुले ठेवायला सांगितलंय. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी.

जाण्याआधी दोन दिवस एक साधं पत्र द्या: अमुक कामाची फाईल सोमवारी पाहायची आहे. ऐनवेळी गेलात तर "ती फाईल लेखापरीक्षणाला गेली आहे" ऐकून परत याल. पेन्सिल न्या. माहिती अधिकाराखालच्या अवलोकनात राज्याच्या नियमांनुसार फक्त पेन्सिल जवळ ठेवता येते, पेन जमा करावं लागतं, म्हणजे कुणी कागदावर काही वाढवलं असा आरोप येत नाही. एकट्याने जाऊ नका. एक जण वाचेल, एक जण लिहील. गल्लीत निवृत्त ओव्हरसिअर किंवा सिव्हिलचा पदविकाधारक असेल तर त्याला हाताला धरून न्या.

फाईलमध्ये सगळ्यात आधी काय बघाल?

तारखा. कार्यारंभ आदेशाच्या आधीची तारीख एमबीत आहे का? चाचणी अहवाल काम संपल्यावर महिन्याने आणलेले आहेत का? पूर्णत्वाचा दाखला ज्या दिवसाचा आहे त्या दिवशी तुमच्या दारात खडी पडली होती का? तुमच्या मोबाइलमधले फोटो तारखेसह असतात, ते इथे कामी येतात.

तुकडे. एकाच रस्त्याचे लागोपाठचे तीन भाग, तिन्हींची रक्कम ई-निविदेच्या मर्यादेच्या (जिच्या खाली ई-निविदा काढावी लागत नाही) जेमतेम खाली आणि तिन्ही एकाच आठवड्यात मंजूर. हे दिसलं तर तिन्ही कामांची नावं लिहून घ्या.

वाढीव काम. मूळ अंदाजपत्रकात नसलेल्या बाबी देयकात आल्या असतील तर त्यांना सक्षम मंजुरी आहे का, ते पाहा.

स्वीकृत दर. निविदा १२ टक्के कमी दराने गेली असेल तर देयकात ती १२ टक्के वजावट दिसलीच पाहिजे. अंदाजपत्रकाच्या एकूण रकमेत जीएसटी, बांधकाम कामगारांचा १ टक्का उपकर वगैरे मिळवलेले असतात, त्यामुळे कामाची निव्वळ रक्कम आणि एकूण रक्कम यांत फरक दिसणारच. त्याला घोटाळा समजू नका.

## टप्पा ५: एमबी वाचा आणि टेप लावा

मोजमाप पुस्तिकेचं पान दिसायला साधं असतं. बाबीचं वर्णन, मग संख्या, लांबी, रुंदी, उंची किंवा जाडी आणि शेवटी परिमाण. अभियंत्याने जागेवर जाऊन मोजलं आणि लिहिलं, असं हे पान सांगतं. देयक याच पानावरून बनतं. म्हणून सगळी मेहनत या पानावर करा.

समजा एमबीत लिहिलंय: लांबी १२० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी ०.१५ मीटर. म्हणजे ५४ घनमीटर काँक्रीट. तुम्ही जागेवर मोजलंत तर लांबी ११२, रुंदी २.८० आणि कडेला उघड्या दिसणाऱ्या थराची जाडी ०.१२ भरली. गुणाकार ३७.६३ घनमीटर. पाहणाऱ्याला प्रत्येक मापात फरक किरकोळ वाटतो, "आठ मीटरचं काय घेऊन बसलात" म्हणतील. पण तिन्ही मापं एकमेकांना गुणली जातात आणि काँक्रीट सुमारे ३० टक्के कमी भरतं. हा आकडा सभेत मांडला की खोली शांत होते.

मोजण्याची रीत:

१. ३० मीटरची टेप, खडू, वही आणि किमान तीन माणसं. सकाळी लवकर, रहदारी नसताना.
२. सुरुवात आणि शेवट कागदावरच्या नावाप्रमाणेच धरा. विजेच्या खांबाचा नंबर टिपा, म्हणजे जागा नंतर हलवता येत नाही.
३. रुंदी एकाच ठिकाणी मोजू नका. दर १० मीटरवर मोजा, सरासरी काढा. अरुंद जागा तेवढीच निवडून मोजलीत तर ते तुमच्यावर उलटेल.
४. पेव्हर ब्लॉक असतील तर अंदाजपत्रकात जाडी ६० मि.मी. आहे की ८० मि.मी., ते आधी पाहा. कडेचा सुटा ब्लॉक सापडला तर पट्टी लावून फोटो काढा. बसवलेला ब्लॉक उपटू नका.
५. प्रत्येक मापाचा फोटो, टेपवरचा आकडा वाचता येईल असा.

आमच्या गटारावरच्या ढाप्यांची एमबीत संख्या होती १८०. आम्ही गल्लीतल्या पोरांना खडू दिले आणि प्रत्येक ढाप्यावर क्रमांक घालत गेलो. शेवटच्या ढाप्यावर १५१ आला. पण फोटो फक्त पहिल्या आणि शेवटच्या ढाप्याचे काढले. रात्री पाऊस आला, आकडे धुऊन गेले, आणि दोन दिवसांनी आमच्याकडे पुरावा म्हणून दोन फोटो उरले. सगळं पुन्हा करावं लागलं, या वेळी ऑइलपेंटने, प्रत्येक दहाव्या ढाप्याचा फोटो घेत. पुढे संयुक्त पाहणीतही १५१ च भरले आणि अंतिम देयकातून २९ ढाप्यांची रक्कम वगळली गेली.

> इशारा: काँक्रीटच्या आतली जाडी आणि ताकद टेपने कळत नाही. कडेची जाडी फक्त शंका घ्यायला पुरते. खात्रीसाठी कोअर (काँक्रीटचा आरपार गोल नमुना) कापून चाचणी करावी लागते आणि ती पालिकेनेच करून घ्यायची असते. स्वतः छिन्नी-हातोडा चालवलात तर सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा तुमच्यावर येईल.

## टप्पा ६: तक्रार लिहा, आरोप लिहू नका

आता कुठे तक्रारीची वेळ आली. एक पानात बसवा. वर कामाचं नाव आणि आदेश क्रमांक. मध्ये चार रकान्यांचा तक्ता: बाब, एमबीतलं माप, जागेवरचं माप, फरक. खाली मागण्या. सोबत एमबीच्या पानाची प्रत आणि फोटो.

"अभियंता व ठेकेदार यांनी संगनमताने लूट केली" हे वाक्य गाळा. ते सिद्ध करणं तुमचं काम नाही आणि तेच वाक्य बदनामीच्या नोटिशीचं निमित्त होतं. आकड्यांचा तक्ता कुणालाही नोटीस पाठवू देत नाही.

मागण्या नेमक्या असाव्यात. मी या चार मागतो:

- तक्रारदाराच्या उपस्थितीत संयुक्त मोजणी करावी.
- मोजणी होईपर्यंत अंतिम देयक अदा करू नये.
- आवश्यक तिथे त्रयस्थ संस्थेकडून कोअर चाचणी करावी.
- दोषदायित्व कालावधीत ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी, जादा अदा रक्कम वसूल करावी.

पत्र मुख्याधिकाऱ्यांना द्या, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेला. इतकंच. मुख्यमंत्र्यांपासून राष्ट्रपतींपर्यंत बारा प्रती पाठवल्या की प्रत्येक कार्यालय "पुढील कार्यवाहीस्तव" म्हणून तेच पत्र फिरवत पुन्हा पालिकेकडेच पाठवतं. काम निविदा न काढता किंवा बेकायदा ठरावाने दिलेलं असेल, तर नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ३०८ खाली ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. मग त्यांच्याकडे कलमाचा उल्लेख करून स्वतंत्र अर्ज करा. महापालिकांच्या बाबतीत हा अधिकार राज्य शासनाचा, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली.

नगरसेवकालाही तक्त्याची प्रत द्या आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर विषय घ्यायला सांगा. सभेच्या इतिवृत्तात एकदा आकडा नोंदला गेला की तो कुणाला पुसता येत नाही.

संयुक्त पाहणीचा दिवस ठरला की गल्लीतल्या माणसांना कळवा, पण घोळका करू नका, पाच-सहा जण पुरे. पंचनामा जागेवरच लिहायला सांगा. आकडे भरलेले नसतील किंवा मोकळ्या जागा असतील तर सही करू नका. "ऑफिसात जाऊन टाइप करू" म्हणाले तर हातानेच लिहा म्हणावं. मतभेद असेल तर सहीखाली तो लिहूनच सही करा, आणि पंचनाम्याचा फोटो तिथल्या तिथे काढा.

## टप्पा ७: हालचाल झाली नाही तर

महिना गेला, उत्तर नाही. आता पुढच्या वाटा, ज्या क्रमाने मी वापरतो त्या क्रमाने.

लोकशाही दिन. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी स्वतः बसतात. विहित नमुन्यातला अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. एका अर्जात एकच तक्रार, आणि आधी खालच्या कार्यालयात दाद मागितल्याचा पुरावा सोबत. तुमच्या पोचेची प्रत इथे उपयोगी पडते. न्यायालयात चालू असलेला विषय इथे घेत नाहीत.

लेखापरीक्षण. नगरपरिषदांचं लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो, महापालिकेत मुख्य लेखापरीक्षक असतात. तुमचा तक्ता त्यांनाही लेखी द्या. ज्या वर्षाचं लेखापरीक्षण चालू आहे त्यातलं काम असेल तर त्यावर आक्षेप निघू शकतो. त्याआधी एक वेगळा माहिती अर्ज करून मागच्या वर्षांच्या लेखापरीक्षण अहवालातले बांधकाम विभागावरचे आक्षेप आणि त्यांचं अनुपालन मागा. तुम्ही आज जे शोधलंत ते लेखापरीक्षकांनी तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या गल्लीत शोधलेलं असतं, असं बरेचदा निघतं.

आपले सरकार पोर्टल. टोकन क्रमांक मिळतो, उत्तर लेखी मिळतं. गुळगुळीत उत्तर देऊन तक्रार बंद केली तर तेच उत्तर जोडून पुढे जाता येतं.

लोकायुक्त. राज्यात १९७१ च्या कायद्यापासून ही व्यवस्था आहे. कागद आणि तक्ता पूर्ण असेल तेव्हाच जा.

प्रत्यक्ष लाच मागितली गेली असेल तर ही सगळी वाट सोडा आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. तो विषय मोजमापाचा राहत नाही.

> तपासा: प्रत्येक पत्राची पोच, प्रत्येक उत्तराचं पाकीट (त्यावरचा टपालाचा शिक्का तारखेचा पुरावा असतो), शुल्काच्या पावत्या आणि फोटो एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावलेले आहेत ना? पहिल्या पानावर तारखांची यादी चिकटवा. सुनावणीत अधिकाऱ्यासमोर पाच मिनिटं मिळतात, कागद चाळण्यात ती घालवू नका.

दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख करारनाम्यात बघून कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. त्याच्या दोन महिने आधी रस्त्यावरून पायी फेरी मारा, भेगा, खचलेले ब्लॉक, पाणी साचण्याच्या जागा यांचे फोटो घ्या आणि मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या की ठेकेदाराची सुरक्षा अनामत परत करण्याआधी ही दुरुस्ती करून घ्यावी. या पत्राची पोच मात्र त्याच दिवशी घरी आणा.